‘पीएचडी म्हणजे तरुणपण पाण्यात’ या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात कळव्याच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने एक मेसेज पुढे पाठवला. एमएस्सी होऊन तिला वर्ष झालंय. मेसेज असा: ‘पीएचडीच्या नादी लागू नका, तरुणपण पाण्यात जातं. सात-आठ वर्षं सहज मोडतात. दमडी मिळत नाही. गाईडच्या घरची भाजी आणावी लागते. मुलींचं तर लग्नाचं वय निघून जातं. आणि एवढं करून नोकरी नाहीच.’ खाली तिचा प्रश्न: ‘मॅडम, खरंय का हे?’ त्याच दिवशी तो मेसेज मला आणखी दोन ग्रुपवर दिसला.

मी ठाण्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. नोकरी सांभाळून ठाण्याच्या खाडीतल्या चिखलात राहणाऱ्या बारीक कृमींवर पीएचडी केली. मेसेज साफ खोटा असता तर मी सोडून दिला असता. पण त्यात थोडं खरं आहे, बरंच अर्धवट आहे, आणि ज्याचा विचार आधी करायला हवा ते त्यात नाहीच. म्हणून हे उत्तर.

आधी वर्षांचं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. पुन्हा नोंदणी करून आणखी दोन. म्हणजे एरवी आठ ही शेवटची हद्द आहे, सरसकट लागणारा काळ नव्हे. मला सहा वर्षांच्या वर काही महिने लागले, त्यामुळे ‘लवकर होतं’ असं मी कुणालाच सांगणार नाही. पण वेळ का लागतो, ते मेसेजवाल्याला माहीत नाही. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडसर होतं, गाळ येतो आणि चिखलातली सगळी वस्ती बदलते. हा बदल दरवर्षीचा की त्याच वर्षापुरता, हे दुसरा पावसाळा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. नमुने घ्यायला मोठी ओहोटी लागते. आपल्याकडे ती अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास सकाळी आणि संध्याकाळी येते आणि रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. माझं वेळापत्रक विद्यापीठाने नाही, खाडीने ठरवलं. विषय निवडतानाच विचारायचं की या प्रश्नाचं उत्तर किती काळात हाती लागू शकतं. ते न विचारता नोंदणी केली की मग आठ वर्षं जातात.

पैशांचं उत्तर सरळ आहे. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची केंद्राची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,००० रुपये, घरभाडे भत्ता वेगळा. हे दर जानेवारी २०२३पासूनचे आहेत. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिप आहेत. म्हणजे ‘दमडी मिळत नाही’ हे चूक. पण पैसे वेळेवर येतात असंही नाही. बार्टीच्या विद्यार्थ्यांना हक्काच्या फेलोशिपसाठी आझाद मैदानावर बसावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. फेलोशिप हातात नसेल, घरचा आधार नसेल आणि ठाण्यात भाड्याने राहायचं असेल, तर ‘पुढे बघू’ म्हणून पूर्णवेळ नोंदणी करू नये, हे मी माझ्या मुलीलाही सांगेन. नोकरी असेल तर संस्थेचं ना-हरकत पत्र घेऊन अर्धवेळ करता येते. मी तीच केली. त्यात फेलोशिप नाही, पण पगार चालू राहतो.

आता गाईड. इथे मेसेज खोटा आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाकडून त्याच्या गाईडने स्वतःच्या मुलाच्या अ‍ॅडमिशनचे फॉर्म भरून घेतले, विजेची बिलं भरून घेतली. त्याने दीड वर्षाने सोडलं, आणि आजही तो स्वतःला दोष देतो. माझा राग आहे तो ‘भाजी आणावीच लागते’ या सुरावर. जे चुकीचं आहे ते रीत म्हणून सांगितलं की पुढच्या मुलाला ते सोसावंच लागतं. नियमात दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे कामाचा आढावा द्यायचा असतो, म्हणजे तुमचं काम एकट्या गाईडच्या मुठीत नसतं. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. गाईडला भेटण्याआधी त्यांच्या विद्यार्थ्यांना भेटायचं, तेही लॅबबाहेर, चहाच्या टपरीवर. किती जणांनी प्रबंध सादर केला, किती जण मध्येच गेले आणि का, सर शेवटचं प्रकरण वाचून किती दिवसांत परत देतात, हे विचारायचं. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजायचं.

लग्नाच्या वयाबद्दल मला फार लिहायचं नाही. ते कुणी ठरवलं, हा प्रश्न त्या मेसेजने विचारलेला नाही. एवढं माहीत असू द्या: मुलींना मुदतीत दोन वर्षं जादा मिळतात, बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, आणि लग्नामुळे गाव बदललं तर संशोधन दुसऱ्या संस्थेत नेता येतं. हे नियमात लिहिलेलं आहे. मागताना लाजू नका.

नोकरीचा मुद्दा खरा आहे, पण उलटा मांडलाय. सहायक प्राध्यापक व्हायला २०२३पासून नेट किंवा सेट (राज्य पातळीवरची तशीच परीक्षा) पुरते, पीएचडीची सक्ती नाही. सहयोगी प्राध्यापक व्हायला मात्र ती लागते. आणि आज पीएचडी झालेली कितीतरी मुलं तासिका तत्त्वावर दोन-दोन कॉलेजांत धावतायत. तेव्हा फक्त लेक्चररशिप हवी असेल तर आधी सेट-नेट काढा. पण संशोधनाची नोकरी फक्त कॉलेजात असते, हे कुणी सांगितलं? खारघरला टाटा स्मारकचं कर्करोग संशोधन केंद्र आहे, नव्या पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. या जागा आपल्या घरापासून तासाभरावर आहेत आणि आपल्याच मुलांना त्या माहीत नसतात.

आता जे मेसेजमध्ये नाही ते.

मी विटाव्याच्या बाजूला ओहोटीत उतरायची. गुडघ्यापर्यंत चिखल, आजूबाजूला निवट्या उड्या मारतायत. पाइपचा तुकडा चिखलात दाबून नमुना काढायचा, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा, बरणीत भरून फॉर्मालिन घालायचं. मग लॅबमध्ये गुलाबी रंग देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कृमी चिमट्याने वेगळा करायचा. एका बरणीला चार-पाच तास. दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी मी कपाट उघडलं, तर तीन महिन्यांच्या बरण्यांतल्या चिठ्ठ्या कोऱ्या. मी पेनाने लिहिलं होतं आणि शाई विरघळून गेली होती. कुठली बरणी कुठल्या जागेची, काही कळेना. त्या खोलीत मी एकटीच होते. ओरडायलाही कुणी नव्हतं आणि धीर द्यायलाही. घरी सांगितलं तर ‘अगं, दुसऱ्या भरून आण’ म्हणाले. त्यांना वाटलं, लोणच्यासारखं आहे.

पीएचडीतली कठीण गोष्ट ही आहे. परीक्षेची तारीख नसते, शेजारी तोच धडा शिकणारं कुणी नसतं, आणि महिनाभर राबून हाती ‘काही नाही’ येऊ शकतं. लग्नकार्यात जो तो ‘झालं का?’ विचारतो. तीन वर्षं त्याला ‘नाही’ म्हणता यायला हवं. चिठ्ठ्या कोऱ्या झाल्याचं दोन दिवसांनी मी गाईडबाईंना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “पेन्सिलीने लिहायचं असतं, हे मी तुला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. माझं चुकलं.” त्या वाक्यावर मी पुढची चार वर्षं काढली. आणि त्याच खाडीला २०२२ साली रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला, तेव्हा मला त्या चिखलातल्या एकेका जीवाचं नाव माहीत होतं. तो आनंद मला दुसऱ्या कशाने मिळाला नसता.

माझ्या विद्यार्थिनीला मी करू नको म्हटलं नाही, कर असंही म्हटलं नाही. येत्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी सकाळी विटाव्याला ये म्हटलंय. चाळणी आणि बूट मी आणते. नमुने धुऊन झाले की लॅबमध्ये एक पूर्ण बरणी तिने एकटीने निवडायची, चार तास, फोन बाजूला ठेवून. आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची.