कागदी वाघाची पूर्वतयारी

कारखान्याच्या क्वालिटी ऑडिटच्या (हिशेबाच्या नव्हे, कामाच्या तपासणीच्या) दिवशी सकाळी दोन माणसांची झोप पुरी झालेली नसते. एक, ज्याचं ऑडिट होणार तो. त्याच्याबद्दल साऱ्या जगाला सहानुभूती असते. दुसरा, ऑडिट करणारा. तो घाबरला असेल अशी शंकाही कोणाला शिवत नाही. गेटवर माणसं अदबीनं उभी, "या सर, या", आणि सरांच्या पोटात गोळा. आतली मंडळी वीस-वीस वर्षं तेच काम करतायत आणि आपण तासाभरात त्यांच्या कामातली खोट त्यांनाच दाखवायची! वाघ म्हणून आमंत्रण आलेलं असतं आणि कातडं अजून इस्त्रीला गेलेलं असतं.

अशा वेळी मुरलेले लोक सांगतात, "कॉन्फिडन्स ठेव." कुठे ठेवायचा ते सांगत नाहीत. ऑडिट कसं करावं याचं मार्गदर्शन करणारं आयएसओ १९०११ नावाचं मानक आहे. त्याच्या २०१८च्या आवृत्तीत ऑडिटरच्या अंगी असावेत असे तेरा गुण दिलेत. नीतिमत्ता, मोकळं मन, मुत्सद्दीपणा, चौकस नजर, चिवटपणा वगैरे. तेराच्या तेरा मोजून बघा, आत्मविश्वास त्यात नाही. मला तरी हे शहाणपणाचं वाटतं. ही वस्तू स्वभावात शोधून सापडत नाही, आदल्या रात्री टेबलावर सापडते.

टेबलावर पहिली चूक होते ती हौसेपोटी. कंपनीचं क्वालिटी मॅन्युअल, म्हणजे तिच्या कामाच्या पद्धती लिहिलेलं पुस्तक, उघडायचं आणि पान एकपासून वाचत सुटायचं. आयएसओ ९००१ या क्वालिटीच्या मानकाच्या २०१५च्या आवृत्तीनं क्वालिटी मॅन्युअलची सक्ती काढून टाकली, पण हे मॅन्युअलला कोणी कळवलेलं दिसत नाही. ते अजून तसंच जाडजूड आहे आणि बाराव्या पानावर हमखास डोळा लागतो. त्यापेक्षा शेपटाकडून सुरुवात करावी. आधी मागच्या ऑडिटचा अहवाल. त्यातल्या एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे मानकाशी न जुळणाऱ्या गोष्टी), त्यांचं दिलेलं कारण आणि केलेली उपाययोजना. कारणाच्या रकान्यात "कर्मचाऱ्याचे दुर्लक्ष" आणि उपायाच्या रकान्यात "कर्मचाऱ्यास समज दिली" असं दिसलं, की उद्याचा पहिला प्रश्न फुकटात मिळाला: त्यानंतर ही चूक पुन्हा झाली का, नोंदी दाखवा. मग प्रक्रियांची यादी. मग जिथे पाय ठेवायचाय तेवढ्याच विभागांच्या प्रोसिजर. मॅन्युअल सगळ्यात शेवटी, झोप येत नसेल तर.

आता चेकलिस्ट. नवखा ऑडिटर मानकातलं वाक्य उचलतो, शेवटी प्रश्नचिन्ह लावतो आणि प्रश्न तयार झाला म्हणतो. "संस्थेने मोजमापाची योग्य साधने उपलब्ध केली आहेत का?" समोरचा म्हणतो, "हो." झालं. आता दोघंही एकमेकांकडे बघत बसणार. असे बासष्ट प्रश्न आणि बासष्ट "हो" घेऊन माणूस बाहेर पडतो तेव्हा कंपनी आदर्श ठरलेली असते आणि याचा उरलासुरला धीर गळालेला असतो.

बासष्ट प्रश्न मुळात मावतच नाहीत, याचं गणित कोणी करत नाही. दिवस आठ तासांचा. ओपनिंग मीटिंग अर्धा तास, क्लोजिंग अर्धा, जेवणाचा एक, निष्कर्ष लिहून काढायला एक. उरले पाच. विभाग पाच, म्हणजे प्रत्येकी साठ मिनिटं. त्यातली दहा जिने चढण्यात आणि दहा "आमच्या विभागाविषयी थोडंसं" या प्रेझेंटेशनमध्ये. हाती चाळीस. पुरावा बघून, नंबर-तारीख टिपून एका प्रश्नाला सहा मिनिटं लागतात. म्हणजे सहा प्रश्न, फार तर सात. हा हिशेब आदल्या रात्री झाला की छातीवरचं ओझं निम्मं उतरतं. नाही झाला तर दुपारी चारला घड्याळ बघून घाम फुटतो, आणि शेवटच्या विभागाला सगळे प्रश्न एका दमात विचारले जातात.

त्या सहा प्रश्नांना एका दोऱ्यात ओवायचं. तयार मालाच्या रजिस्टरमधून एक बॅच नंबर उचलायचा. स्वतः उचलायचा, "हा घ्या ना सर" म्हणून पुढे केलेली फाइल नेहमी देखणी असते. त्या बॅचचा अंतिम तपासणी अहवाल मागायचा. अहवालावर मोजमापाच्या साधनाचा नंबर असतो, तो धरून साधनापाशी जायचं. तपासनिसाची सही असते, तिच्यावरून त्याच्या प्रशिक्षणाच्या नोंदीकडे. कच्च्या मालाचा लॉट असतो, त्यावरून पुरवठादाराच्या मूल्यमापनाकडे. एका नंबरावर चार खाती फिरून होतात.

समजा, साधन व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी, निघालं. सगळे आधी स्टिकर बघतात: कॅलिब्रेशनची (साधन बरोबर मोजतंय ना याच्या पडताळणीची) मुदत शिल्लक, ठीक, पुढे चला. थांबायला हवं ते इथेच. व्हर्नियरवर कोरलेला नंबर आणि सर्टिफिकेटवरचा नंबर एकच आहे का? सर्टिफिकेटवर त्रुटीचा रकाना आहे; ती त्रुटी चालण्याजोगी आहे का हे कंपनीत कोणी तपासलं, की आलेला कागद सरळ फाइलला लावला? बहुतेक फाइललाच लावलेला असतो, भोक पाडताना नेमका त्रुटीचा आकडा उडालेला. आणि आता ड्रॉइंग मागवा. माप २५ मिमी, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, ±०.०२. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२. साधन टॉलरन्सच्या एक दशांशापर्यंत मोजणारं असावं, असा जुना ठोकताळा आहे. इथे साधनाची सगळ्यात बारीक रेघ आणि ड्रॉइंगनं एका बाजूला दिलेली सूट, दोन्ही सारख्याच! कॅलिब्रेशन चोख, स्टिकर चकचकीत आणि व्हर्नियर या कामाला निरुपयोगी. हे बघायला धैर्य लागत नाही, ड्रॉइंग मागायचं सुचावं लागतं. तेवढंच आदल्या रात्री चेकलिस्टवर लिहून ठेवायचं.

ओपनिंग मीटिंगची पहिली तीन वाक्यं मात्र सरळ पाठ करावीत. ऑडिट कशासाठी, कुठल्या हद्दीत, कुठल्या मानकाप्रमाणे. पहिल्या मिनिटात आवाज कापतोच. पाठ केलेलं वाक्य कापऱ्या आवाजातही पूर्ण होतं, सुचलेलं अर्ध्यात लटकतं. त्याच बैठकीत त्यांच्या भाषेतली लघुरूपं विचारून घ्यावीत. प्रत्येक कंपनीत तीन-तीन अक्षरांची एक खासगी बोली चालते. "म्हणजे काय?" हे सकाळी दहाला विचारलं तर चौकसपणा आणि दुपारी चारला विचारलं तर अज्ञान.

प्रश्न विचारला की गप्प बसावं. ऑडिट हा शब्दच ‘ऐकणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आलाय, तरी आमच्यातले निम्मे लोक स्वतःच विचारतात आणि स्वतःच उत्तर पुरवतात, शांतता सोसत नाही म्हणून. मनात पाचपर्यंत मोजावं. चारला समोरचा बोलायला लागतो, आणि बरेचदा विचारलं नव्हतं तेच सांगतो.

आता खरी भीती. एनसी काढली की पलीकडून शांत स्वरात येतं, "सर, हे कुठल्या क्लॉजमध्ये आहे?" क्लॉज म्हणजे मानकातलं कलम. भलेभले इथे पानं चाळत बसतात. यावर तोड साधी: मानकाच्या प्रतीला रंगीत पट्ट्या, आणि चेकलिस्टवर प्रत्येक प्रश्नासमोर क्लॉजचा नंबर. वाक्यात "शॅल" आहे की "शुड" हेही आधीच बघून ठेवावं. "शॅल" म्हणजे बंधन, "शुड" म्हणजे शिफारस. "शॅल" सापडत नसेल तर ती एनसी नाही, ती आपली आवड आहे, मुकाट्यानं खोडावी. व्हर्नियरचं मात्र असं लिहिता येतं: "पाहिलेल्या ५ पैकी २ अहवालांत ±०.०२ मिमी टॉलरन्सची मापे ०.०२ मिमी लीस्ट काउंटच्या व्हर्नियरने घेतलेली आढळली. क्लॉज ७.१.५.१." यात आवाज चढवायला जागाच नाही. आणि एवढं करूनही एखाद्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर "बघून सांगतो" म्हणून वहीत वेळेसकट टिपावं आणि क्लोजिंगच्या आधी खरंच सांगावं. हे न केलेले "बघून सांगतो" लोक वर्षभर लक्षात ठेवतात.

विभाग सोडण्याआधी तिथल्या प्रमुखाला एनसी वाचून दाखवली, की क्लोजिंग मीटिंगमध्ये कोणी दचकत नाही. ऑडिटरही नाही. राहिला अहवाल. त्यात अहवालांचे क्रमांक, व्हर्नियरचा नंबर, ड्रॉइंगची आवृत्ती, सगळं नीट लिहावं. कारण पुढच्या वर्षी ऑडिटच्या आदल्या रात्री कोणी दुसराच घाबरलेला इसम टेबलाशी बसून पहिल्यांदा तोच उघडणार आहे.