तीस वर्षांचे कर्ज, साठ दिवसांची मुदत

न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, ओक ट्री रोडवर, एका किराणा दुकानाच्या पार्किंगला लागून विटांचा बुटका कठडा आहे. शनिवारी संध्याकाळी आठवड्याची भाजी गाडीत टाकून झाली की आम्ही पाच-सहाजण कागदी पेल्यातला चहा घेऊन त्याच्यावर बसतो आणि त्यालाच कट्टा म्हणतो. तिथे ज्याचे गाव तेच त्याचे नाव. अपवाद फक्त सातारकर काकांचा, कारण ते १९९७ साली इकडे आले, आता इथले नागरिक आहेत, आणि त्यांना नुसते सातारकर म्हणण्याची आमच्यात कोणाची हिंमत नाही.

गेल्या शनिवारी डोंबिवलीकर खिशात घडी घातलेला कागद घेऊन आला. सहा लाख डॉलरच्या तीन बेडरूमच्या घरासाठी त्याने दिलेली ऑफर मालकाने स्वीकारली होती आणि सह्या झालेला करार शुक्रवारी हातात पडला होता. न्यू जर्सीत असा करार हाती आल्यापासून वकिलाकडून तपासून घ्यायला कामकाजाचे तीन दिवस मिळतात आणि तेवढ्या अवधीत वकिलामार्फत तो नाकारताही येतो. म्हणजे त्याच्याकडे बुधवारपर्यंतचा वेळ होता. तो एच-१बी या नोकरीवरच्या तात्पुरत्या व्हिसाच्या पाचव्या वर्षात आहे, ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेला त्याचा आय-१४० अर्ज गेल्या वर्षी मंजूर झाला, मुलगी येत्या सप्टेंबरात पहिलीत जाईल. त्याने कट्ट्याला विचारलेला प्रश्न साधा होता: सही कायम ठेवू की मागे घेऊ?

सांगलीकराने प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. "घेऊन टाक," तो म्हणाला, "भाडे म्हणजे दुसऱ्याच्या घराचा हप्ता आपण भरणे." त्याने २०२१ साली तीन टक्क्यांच्या आत कर्ज मिळवून घर घेतले, आणि आज त्याचा हप्ता शेजारच्या दोन बेडरूमच्या भाड्यापेक्षा कमी आहे, ही गोष्ट त्याने आम्हाला निदान चाळीस वेळा सांगितली असेल. त्याचा मुद्दा मात्र निराधार नव्हता. अमेरिकेत घर घ्यायला ग्रीन कार्ड लागत नाही. नेहमीच्या कर्जात, व्हिसा वैध असेल आणि पगार, क्रेडिट स्कोअर ठीक असतील तर एच-१बीवाल्याला इतरांच्याच अटींवर पैसे मिळतात. बँक फक्त पासपोर्ट, व्हिसा आणि आय-७९७ (व्हिसाचा अर्ज मंजूर झाल्याची नोटीस) यांच्या प्रती जास्तीच्या मागते. आय-१४० मंजूर झाल्यामुळे एच-१बीची सहा वर्षांची कमाल मर्यादाही डोंबिवलीकराला आडवी येणार नाही, कारण त्यापुढे तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळत राहते. "इतरत्र काय चालले आहे ते बघ," सांगलीकर म्हणाला. त्याचा चुलतभाऊ सिडनीला आहे आणि ऑस्ट्रेलियाने एप्रिल २०२५ पासून दोन वर्षांसाठी तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना जुनी, बांधलेली घरे घेण्यास बंदी केली आहे. कॅनडातही परक्यांना घरखरेदीस २०२३ पासून बंदी आहे, मात्र कामाच्या परवान्यावर निदान १८३ दिवस शिल्लक असतील तर एक घर घेता येते. आपल्याला इथे कोणी अडवत नाही, मग आपणच आपल्याला का अडवावे, हा त्याचा सवाल होता.

नागपूरकर तोपर्यंत चहा ढवळत गप्प होता. तो म्हणाला की घेण्याला कोणी अडवत नाही हे खरे, पण आपण बोलतो आहोत ते नुसते घेण्याबद्दल, आणि तात्पुरत्या व्हिसावर घर घेणाऱ्याने विकण्याच्या दिवसापासून उलटे मोजायला हवे. नोकरी गेली तर २०१७ पासूनच्या नियमानुसार फार तर ६० दिवस मिळतात, आय-९४, म्हणजे देशात राहण्याची मिळालेली मुदत, त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. त्या अवधीत नव्या कंपनीने अर्ज भरला नाही किंवा व्हिसाचा दर्जा बदलण्याचा अर्ज केला नाही, तर निघावे लागते. इथे नुसता करार होऊन क्लोजिंग, म्हणजे पैसे चुकते होऊन घर नावावर, व्हायलाच महिना-दीड महिना सहज जातो, गिऱ्हाईक मिळण्याचा काळ वेगळाच. "आय-१४० तुझी ग्रीन कार्डाच्या रांगेतली जागा राखतो, नोकरी राखत नाही," हे त्याने डोंबिवलीकराकडे बोट करून सांगितले.

नागपूरकराचे हे बोलणे पुस्तकी नव्हते. मार्च २०२० मध्ये तो व्हिसाच्या शिक्क्यासाठी नागपूरला गेला आणि त्याच महिन्यात भारतातल्या अमेरिकी वकिलातींचे नेहमीचे व्हिसा-काम बंद झाले. जूनमध्ये एच-१बीवर नव्याने प्रवेश करण्यास बंदी करणारी घोषणा आली, ती आधी डिसेंबरपर्यंत आणि मग मार्च २०२१ अखेरपर्यंत लांबली. हा वर्षभर आईच्या घरी रात्रपाळी करत होता आणि इकडे दोन वर्षांपूर्वी घेतलेले घर कुलूपबंद होते. उन्हाळ्यात अंगणातले गवत गुडघ्याएवढे झाले तेव्हा नगरपालिकेची नोटीस आली. जानेवारीत हीटर बंद पडला, स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा नळाचा पाइप गोठून फुटला, आणि शेजाऱ्याने गॅरेजच्या दाराखालून पाणी वाहताना पाहिले म्हणून तळघर वाचले. विमा कंपनीने घर महिनोन्‌महिने रिकामे होते या कारणावरून दावा नाकारला. हप्ता मात्र दर महिन्याच्या एक तारखेला न चुकता खात्यातून जात होता. "घर माझ्याच नावावर होते," तो म्हणाला, "त्याला कोणी हात लावला नाही. फक्त मला तिथे जाता येत नव्हते."

सांगलीकराने यावर असे उत्तर दिले की महासाथ शतकातून एकदा येते आणि नागपूरकराने घर भाड्याने द्यायला हवे होते. हे उत्तर मला अपुरे वाटले. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावणारी घोषणा शुक्रवारी संध्याकाळी झाली आणि रविवारपासून लागू झाली. ती सध्याच्या व्हिसाधारकांना लागू नाही हा खुलासा येईपर्यंत लोक सुटी अर्धी टाकून मिळेल त्या विमानाने परत निघाले होते. अडकायला महासाथ लागतेच असे नाही.

काकांनी मग १९९९ सालची गोष्ट काढली. तेव्हा त्यांनीही एच-१बीवरच टाउनहाउस घेतले, २००१ मध्ये त्यांची कंपनी बुडाली, आणि त्या काळी हे ६० दिवसही नव्हते. नोकरी संपली की त्याच दिवशी दर्जा संपत असे. तरी ते टिकले, म्हणून हल्लीची मुले फार घाबरतात असे त्यांचे मत. नागपूरकराने अदबीने पण स्पष्टपणे विचारले, "काका, तुम्हाला ग्रीन कार्ड किती वर्षांत मिळाले?" काका म्हणाले, साडेचार. सगळा कट्टा हसला. आज दरवर्षीच्या १,४०,००० रोजगाराधारित ग्रीन कार्डांपैकी एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे सात टक्केच येतात आणि दशकभरापूर्वी अर्ज केलेले भारतीय अजून रांगेत उभे आहेत. काकांची टांगती तलवार साडेचार वर्षांनी खाली उतरवून ठेवली गेली. डोंबिवलीकराची मुलगी कदाचित कॉलेजात जाईल तरी ती तशीच टांगलेली असेल, आणि ती २१ वर्षांची झाली की वडिलांच्या व्हिसावरचा तिचा हक्कही संपेल. मात्र याच आकड्यांचा सांगलीकराने उलटा उपयोग केला: रांग वीस वर्षांची असेल तर वीस वर्षे भाडे भरत बसायचे काय? त्या दिवसातला त्याचा सर्वांत वजनदार मुद्दा हाच होता आणि त्याला कोणाकडेही चटकन उत्तर नव्हते.

मग डोंबिवलीकराने घडी उलगडली. वीस टक्के, म्हणजे १,२०,००० डॉलर रोख भरायचे, उरलेल्या ४,८०,००० चे साडेसहा टक्क्यांनी तीस वर्षांचे कर्ज घ्यायचे. हप्ता सुमारे ३,०३४ डॉलर, त्यात घरपट्टी आणि विमा मिळवला की ४,१०० च्या घरात, आणि सध्याचे भाडे २,९००. घरपट्टीच्या बाबतीत न्यू जर्सीचा देशात हात कोणी धरत नाही. मी फोनवर हप्त्याची फोड करून दाखवली: पहिल्या महिन्याच्या ३,०३४ पैकी २,६०० व्याज आणि मुद्दल फक्त ४३४. तीन वर्षांत १,०९,००० हून अधिक भरल्यावर मुद्दल फिटते ते जेमतेम १७,२००. तीन वर्षांनी निघावे लागले आणि घर घेतलेल्या भावालाच गेले, तर दलाली आणि हस्तांतराचा खर्च सहा टक्के धरला तरी ३६,००० जातात. म्हणजे फिटलेले सगळे मुद्दल तर गेलेच, शिवाय भरलेल्या रोख रकमेतूनही १८,००० च्या वर गेले. भाव चढले तर चित्र पालटते हे उघड आहे, पण सांगलीकराला जो व्याजदर आणि जी भाववाढ मिळाली ती त्याच्या कर्तबगारीने मिळालेली नव्हती. जानेवारी २०२१ मध्ये तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच ७.७९ वर होता. हे मी बोलून दाखवले तेव्हा सांगलीकर म्हणाला की तुझ्या पोटात दुखते. थोडे दुखतेही.

भारतात परत जाऊन मग घर विकणाऱ्यांचा हिशेब आणखी वेगळा होतो. करापुरते अनिवासी झाल्यावर इथले घर विकले की घेणाऱ्याला किमतीतून १५ टक्के कापून करखात्याकडे भरावे लागतात. किंमत तीन ते दहा लाखांच्या दरम्यान असेल आणि घेणारा स्वतः राहणार असेल तर १० टक्के. ही कपात नफ्यावर नसून पूर्ण किमतीवर असते, म्हणजे सहा लाखांच्या घरावर ६०,००० डॉलर, आणि ते विवरणपत्र भरून परत मिळेपर्यंत अडकतात. राज्य वेगळे किमान दोन टक्के घेते. घरात मागच्या पाचांपैकी दोन वर्षे राहिलेल्या जोडप्याला पाच लाखांपर्यंतचा नफा करमुक्त मिळतो, पण परत जाऊन तीन वर्षांहून जास्त भाड्याने ठेवले तर ही सवलतही जाते. भारताचा परकीय चलनाबाबतचा फेमा कायदा परदेशात राहत असताना घेतलेले घर परतल्यावरही ठेवू देतो, त्यामुळे ठेवण्याला अडचण नाही. अडचण आहे ती घाईत विकण्याची.

घर चांगल्या भावाला जायला लागते ती सवड, आणि व्हिसा नेमकी तीच आपल्याकडे ठेवत नाही, असे मी म्हणत होतो, तेवढ्यात डोंबिवलीकराची बायको दुकानातून मेथीच्या दोन जुड्या आणि तांदळाची पिशवी घेऊन बाहेर आली. आमचा वाद दारापर्यंत ऐकू जात असावा. पिशवी कठड्यावर ठेवून वहिनींनी तो कागद मागून घेतला आणि उत्पन्नाच्या रकान्यावर बोट ठेवले. "हे दोन पगार तुम्ही दोन धरले आहेत," त्या म्हणाल्या. "माझा कामाचा परवाना यांच्या एच-१बीवर उभा आहे. यांची नोकरी गेली आणि दर्जा गेला की माझाही पगार गेला. एका खुंटीला दोन सदरे टांगले म्हणून खुंट्या दोन होत नाहीत."

इतका वेळ आम्ही सगळे पुरुष व्याजाचे दशांश काढत होतो आणि ही गोष्ट एकाच्याही लक्षात आली नव्हती.

त्यांचे म्हणणे घर घेऊ नये असे मुळीच नव्हते. मुलीला दर दोन वर्षांनी शाळा बदलायला लागू नये म्हणून घराचा आग्रह मूळ त्यांचाच होता. त्यांना खटकत होती ती वीस टक्क्यांची रोख रक्कम. १,२०,००० भरल्यावर आणि क्लोजिंगचा खर्च झाल्यावर खात्यात चार महिन्यांचे हप्तेही उरत नव्हते. त्यांनी दहाच टक्के भरायचे सुचवले. काकांना हे पटले नाही: हप्ता ३८० डॉलरने वाढेल, वर कर्जाच्या विम्याचा भुर्दंड, शिवाय कमी रोख भरायचे असेल तर सरकारी हमीचे एफएचए कर्ज बरे. ते दार मे २०२५ पासून तात्पुरत्या व्हिसावाल्यांना बंद झाले आहे, हे काकांना ठाऊक नव्हते, सांगलीकराने सांगितले. वहिनी म्हणाल्या की भुर्दंड मान्य आहे. बँकेत राहिलेले ६०,००० नोकरी गेल्यावर वर्षभराचे हप्ते भरतील, घर रिकामे ठेवून भाडेकरू शोधायला किंवा भाव बघून विकायला वेळ देतील. तेच पैसे भिंतीत घातले तर नोकरी गेलेल्या माणसाला ते कोणतीही बँक परत काढून देणार नाही.

सांगलीकराला यात आपला विजय दिसला आणि नागपूरकराला आपला. माझ्या मते दोघांचाही नव्हता, पण तोवर चहा गार झाला होता.

सोमवारी डोंबिवलीकराने कर्जाचे कागद दहा टक्क्यांचे करून मागितले. बुधवारी त्याच्या वकिलाने करार कायम ठेवला आणि त्यात जमिनीखाली जुनी तेलाची टाकी आहे का हे तपासण्याची अट घातली, कारण इकडच्या जुन्या घरांच्या अंगणात अशा टाक्या पुरलेल्या असतात आणि ती गळकी निघाली तर माती उपसण्याचा खर्च मालकाच्या बोडक्यावर बसतो. तपासणारा माणूस शनिवारी सकाळी यायचा आहे. नागपूरकराने कोणी न मागता गवत कापणाऱ्याचा फोन नंबर पाठवून ठेवला आहे.