हेल्गा क्रेन धरसोड नव्हती

अमेरिकन लेखिका नेला लार्सन यांच्या ‘क्विकसँड’ (१९२८) या कादंबरीविषयी एक मत वारंवार ऐकू येते: नायिका हेल्गा क्रेन हिला कृष्णवर्णीय आणि गोऱ्या अशा दोन्ही समाजांची दारे उघडी होती, पण धरसोड वृत्तीमुळे तिने आपल्याच हाताने आयुष्याचे मातेरे करून घेतले. तिचा स्वभाव अस्वस्थ आहे, एवढे मान्य. बाकीचे टिकत नाही.

पहिला मुद्दा उघड्या दारांचा. हेल्गाची आई डॅनिश, वडील कृष्णवर्णीय. नोकरी सोडून ती शिकागोत मामाकडे मदत मागायला जाते, तेव्हा मामाची नवी बायको तिला बजावते की आपला नवरा तिचा मामा नव्हेच, कारण तसे मानले तर आपण हिची मामी ठरू! पुढे न्यूयॉर्कच्या गाडीत मिसेस हेज-रोर ही कृष्णवर्णीय बाई तिला आधार देतात, पण आपले नातेवाईक गोरे आहेत हे हार्लेममध्ये, म्हणजे न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीत, कुणाला सांगू नकोस, असा सल्लाही देतात. म्हणजे दार उघडते, पण आईला बाहेर ठेवून. (अमेरिकेच्या १९२० च्या जनगणनेत मिश्रवंशीयांसाठी वेगळी नोंद होती आणि १९३० मध्ये ती काढून टाकली गेली, कादंबरी या दोहोंच्या मधली आहे.)

‘कोपनहेगनने तर तिला डोक्यावर घेतले होते’, हा दुसरा आणि सर्वांत फसवा मुद्दा. हार्लेम सोडून ती डेन्मार्कच्या या राजधानीत जाते. तिथे कात्रिना मावशी तिला भडक कपडे, लांब कर्णभूषणे आणि ठसठशीत कंकणे घालून चारचौघांत मिरवते. नॅक्सॉस येथील कृष्णवर्णीयांच्या ज्या शाळेत हेल्गा शिकवत असे, तिथे याच्या नेमके उलट सांगितले जाई: सावळ्या माणसांनी काळा, राखाडी, तपकिरी किंवा गडद निळा रंगच वापरावा. तिला स्वतःला रंग आवडत, परंतु तिची आवड दोन्हीकडे कुणी विचारली नाही. चित्रकार ॲक्सेल ओल्सन तिचे चित्र काढतो, तेव्हा त्यात तिला आपला चेहरा लाभलेली कुणी भलतीच, वासनेने भरलेली बाई दिसते. त्याची लग्नाची मागणी ती आपण विकाऊ नाही असे स्पष्ट सांगून नाकारते. हार्लेममध्ये आईकडचे अंग लपवावे लागले, इथे वडिलांकडचे मांडून ठेवावे लागले. अशा स्वागताला आपलेपणा म्हणणे मला तरी पटत नाही.

राहिला शेवट. अमेरिकेत परतल्यावर एका धर्मोपदेशकाशी लग्न करून ती अलाबामातील खेड्यात अडकते आणि एकामागून एक बाळंतपणांनी खचते. इथेच ‘केले तसे भोगले’ असा निकाल दिला जातो. पण घर सोडण्याचा विचार मनात घोळत असतानाही ती निघत नाही, कारण एकाकी बालपण म्हणजे काय हे तिने सोसलेले आहे आणि तेच आपल्या मुलांच्या वाट्याला यावे, हे तिला सहन होत नाही. आजवर प्रत्येक ठिकाण सोडून निघालेली ही बाई अखेर थांबते ती मुलांसाठी, आणि त्याच वेळी पाचवे मूल पोटात असते.