अंदाजाला बंदी

आमच्या घरात मीठ कधी कुणी मोजलं नाही. चिमूटभर, मूठभर आणि ‘घाल की हाताला येईल तेवढं’ एवढीच मापं. अशा घरात लेकीनं चेहऱ्याचं सीरम करायला घेतलं आणि सर्वांत आधी ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आणला. तो चालू असताना पंखा बंद, कारण वाऱ्यानं शेवटचा आकडा नाचतो. ०.२९, ०.३१, पुन्हा ०.२९. मे महिन्यात, डोंबिवलीत, सीरम दाट करणाऱ्या ०.३० ग्रॅम झँथन गमसाठी तीन बायका घाम पुसत, श्वास रोखून ओट्याभोवती उभ्या! कुकरची शिट्टी झाली तरी हलायचं नाही.

ही गमची पावडर दिसते गरीब, पण पाण्यात पडली की लगेच गुठळ्या. बाहेरून बुळबुळीत, आतून कोरड्या ठणठणीत. ‘पिठल्याच्या बेसनासारखी आधी थोड्या पाण्यात कालव,’ मी म्हटलं. हा माझा प्रांत.

‘पाण्यात नाही गं आई, ग्लिसरीनमध्ये.’

ग्लिसरीनमध्ये ती फुगत नाही, नुसती सुटी होते. मग पाणी ओतलं की कण न् कण वेगळा भिजतो. पोरीचं बरोबर निघालं. बेसनाला ग्लिसरीन चालत नाही, एवढंच समाधान.

त्वचेत ओलावा धरून ठेवणाऱ्या हायलुरॉनिक अ‍ॅसिडची तऱ्हा वेगळी. त्याच्या गुठळ्या झाल्या तर काहीच करायचं नाही. झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळी आपोआप काचेसारखं स्वच्छ. उगाच घुसळलं तर बुडबुडे अडकतात आणि निघता निघत नाहीत. इतक्या समजूतदार स्वभावाचं आमच्याकडे दुसरं कुणी नाही.

खरा नाठाळ तो व्हिटॅमिन सी. १५ टक्के अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, पीएच ३.५च्या खाली, गडद तपकिरी बाटली, फ्रिजमधली मागची थंड जागा (माझ्या विरजणाची!), एवढे लाड करूनही पाण्यासारखं सीरम बघता बघता पिवळं झालं, मग कोऱ्या चहाच्या रंगाचं. हवा लागली, उजेड लागला, उष्णता लागली की ते बिघडतं, हे मलाही आता पाठ आहे. पण इतक्या लवकर? चौकशी बसली. तेव्हा कळलं, की डिस्टिल्ड वॉटर संपल्यावर सासूबाईंनी प्रेमानं ती बाटली तांब्याच्या पिंपातल्या पाण्यानं भरून ठेवली होती.

‘आजी! तांब्यानं व्हिटॅमिन सी अजून लवकर खराब होतं!’

‘तांब्यानं? आयुष्य गेलं माझं ते पाणी पिण्यात. आणि तू ते इन्व्हर्टरचं पाणी तोंडाला फासतेस ते चालतं?’

यावर रसायनशास्त्राकडे उत्तर असेलही, पण आमच्या घरात ते द्यायची कुणाची टाप नाही.

कोरफडीवरूनही जुंपली. गॅलरीतली ताजी पात सोलून, गर मिक्सरमधून काढून सीरममध्ये घालावा, असा सासूबाईंचा आग्रह. लेक म्हणे, पाणी असलेल्या कुठल्याही गोष्टीत प्रिझर्व्हेटिव्ह हवंच, आणि ताज्या गरातले जंतू त्यालाही आटोपत नाहीत. ‘आम्ही जन्मभर लावली, कुणाला काही झालं नाही.’ ‘तुम्ही तोडून लगेच लावलीत आजी, महिनाभर बाटलीत नाही ठेवलीत.’ शेवटी थोडा गर वाटीत ठेवून बघायचं ठरलं. त्या वाटीला असा वास सुटला, की सासूबाईंनी स्वतःच ती कुंडीत उपडी केली. मतात मात्र बदल नाही.

परवा एकदाचं सगळं जमलं. गुठळी नाही, रंग नाही, थर वेगळे नाहीत. लेकीनं दोन थेंब लावले, ते वाळायच्या आत वर सनस्क्रीन चोळलं, आणि गालावर पांढऱ्या वळ्या सुटायला लागल्या. गम जास्त झाला की त्याचा पापुद्रा असाच गुंडाळून येतो, वर घाईनं चोळलं तर विचारायलाच नको. आम्ही दोघी आरशासमोर कारणमीमांसा करत असताना सासूबाई चष्मा लावून जवळ आल्या, तिच्या गालावरची एक वळी बोटानं उचलून नीट पाहिली आणि म्हणाल्या, ‘एवढा मळ? अगं, आंघोळ करतेस ना रोज?’