‘दहा मिनिटांच्या कामावरून थोर?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. क्रिस्टीन हाकिमवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा त्यातला थोडा भाग पटला. म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहिते आहे.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: क्रिस्टीन हाकिम ही इंडोनेशियन अभिनेत्री मला एका अमेरिकी मालिकेतल्या दहा मिनिटांत सापडली आणि मी तिला थोर ठरवून मोकळी झाले. प्रत्यक्षात तिने सुहार्तोच्या हुकूमशाहीत सरकारी बक्षिसं घेतली, सरकारच्या पथ्यावर पडणारी राष्ट्रभक्त वीरांगना रंगवली, आणि नव्वदच्या दशकात तिकडचा सिनेमा आचके देत होता तेव्हा ती गायब होती.

पहिला आरोप कबूल. २०२३ साली ‘द लास्ट ऑफ अस’ या त्या मालिकेच्या दुसऱ्या भागाची सुरुवात बघून मीही थबकले होते. स्थळ जकार्ता. बुरशीचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापक इबू रत्ना (म्हणजे हाकिम) यांना जेवणावरून उठवून नेतात, बुरशीची लागण झालेलं एक प्रेत दाखवतात आणि लष्करी अधिकारी विचारतो, आता करायचं काय? औषध नाही, लस नाही, बॉम्ब टाका, असं ती सांगते. मग म्हणते, मला घरी सोडा. (‘इबू’ म्हणजे आई. मानाच्या कुठल्याही बाईला तिकडे अशीच हाक मारतात, आपण शाळेत ‘बाई’ म्हणायचो तशी.) लेखाची सुरुवात तिथून केली ही माझी चूक. जिला १९७४ मध्ये, सतराव्या वर्षी, पहिल्याच सिनेमासाठी इंडोनेशियाच्या राष्ट्रीय चित्रपट महोत्सवातलं ‘चित्रा’ पारितोषिक मिळालं, तिची ओळख २०२३ पासून करून देणं म्हणजे आजीची ओळख नातवाच्या लग्नातल्या फोटोवरून करून देण्यासारखं झालं.

आता त्या बक्षिसाबद्दल. हो, तो महोत्सव सरकारी छत्राखालचाच होता. पण तिला त्या पहिल्या सिनेमात कोणी आणलं ते बघा. दिग्दर्शक तेगुह कार्य याने. ‘तेगुह’ म्हणजे खंबीर, आणि ‘कार्य’ आपलंच. जन्माने तो चिनी वंशाचा, मूळ नाव लिएम त्जोआन होक. चिनी लोकांवर नावं बदलण्याचा दबाव होता तो हाच काळ. अशा माणसाच्या नाट्यसंस्थेच्या शिस्तीत ती घडली. दिग्दर्शकाला इंडोनेशियन भाषेत ‘सुत्रादारा’ म्हणतात, म्हणजे आपला सूत्रधार. तेगुहच्या बाबतीत तो शब्द मला अगदी चपखल वाटतो. राजवटीच्या काळात काम करणारा प्रत्येक जण राजवटीचा भाट ठरवायचा असेल, तर मग त्या तीन दशकांत इंडोनेशियात कलावंतच नव्हते असं म्हणावं लागेल.

तुमचा खरा रोख तिच्या ‘च्यूत न्याक धीन’ या सिनेमातल्या नायिकेवर आहे, आणि तिथेच मला तुमच्याशी भांडायचं आहे. च्यूत न्याक धीन म्हणजे डचांशी लढलेली आचे प्रांतातली स्त्री. तिला राष्ट्रवीर घोषित केलं ते १९६४ मध्ये, सुहार्तोच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष सुकार्णो यांच्या काळात. पुढच्या राजवटीनेही ती उचलली, हे खरं. १९९८ च्या दहा हजार रुपियाच्या नोटेवर तिचा चेहरा आहे. पण १९८८ चा दिग्दर्शक एरोस जारोतचा सिनेमा त्या नोटेसारखा नाही. त्यात विजय जवळजवळ नाहीच. नवरा तेउकू उमर मारला जातो (इतिहासात हे १८९९ साली घडलं) आणि पुढे उरतं ते जंगल, भूक, म्हातारपण आणि जाणारी दृष्टी. तिची अवस्था न बघवून तिचाच विश्वासू साथीदार पांग लाओत डचांना तिचा ठावठिकाणा सांगतो. गद्दारी दयेपोटी होते! गोष्टीतला हा तिढा प्रचारपटाला परवडत नाही.

हाकिमबाई तेव्हा तिशीच्या आसपास होत्या. आंधळ्या होत जाणाऱ्या माणसाचा अभिनय म्हटलं की डोळे फिरवायचे आणि हात चाचपडायचे, हा आपल्याकडचाही ठरलेला नमुना. त्या तसं काही करत नाहीत. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे तोंड वळायला क्षणभर उशीर होतो, एवढंच. हुकूम देण्याचा आवाज मात्र तसाच राहतो. शरीर खचतं आहे आणि अधिकार खचत नाही, हे दोन्ही एकाच वेळी दिसतं. शेवटी त्या रेनचोंग, म्हणजे आचेचा तो वाकडा खंजीर, उपसतात तेव्हा मला वीररस वगैरे काही जाणवला नाही. भीती वाटली आणि कीव आली.

आणखी एक गोष्ट. सिनेमा आल्यावर थोड्याच काळात त्याच आचेत इंडोनेशियाच्याच लष्कराची मोठी कारवाई सुरू झाली, ती १९९८ पर्यंत चालली. परक्या फौजेशी जंगलातून लढणाऱ्या आचेवासीयांची ही गोष्ट त्या वर्षांत सरकारला किती सोयीची वाटली असेल, तुम्हीच सांगा.

नव्वदचं दशक. ‘गायब’ हा शब्द मागे घ्या. खासगी टीव्ही वाहिन्या आल्या, थिएटरं हॉलिवूडने भरली, आणि वर्षाला शंभराच्या आसपास निघणारे सिनेमे दशकाच्या शेवटी एक आकडी झाले. ज्या महोत्सवाच्या बक्षिसांवरून तुम्ही तिला बोल लावता, तो १९९२ नंतर थेट २००४ मध्ये भरला. त्या पडझडीत तिने स्वतः निर्माती होऊन दिग्दर्शक गारिन नुग्रोहोकडून ‘दाउन दी आतास बांताल’ (उशीवरचं पान) करून घेतला. योग्याकार्तातली रस्त्यावरची मुलं, भूमिकांत खरीच रस्त्यावरची मुलं, आणि त्यांना आसरा देणारी ती. मे १९९८ मध्ये हा सिनेमा कान महोत्सवात होता. त्याच महिन्याच्या २१ तारखेला सुहार्तो पायउतार झाला. निर्माती असूनही सिनेमा तिने त्या मुलांना दिला आहे. आपल्या चेहऱ्यावर कॅमेरा रेंगाळवत ठेवायचा मोह टाळलाय. २००२ मध्ये दिग्दर्शक डेव्हिड लिंचच्या अध्यक्षतेखालच्या कानच्या ज्युरीत ती बसली, ते काही कुणी उपकार म्हणून बसवलं नव्हतं.

‘ईट प्रे लव्ह’ या तिच्या हॉलिवूडपटाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. तिथे तिला करण्यासारखं फार नव्हतं.

लेखाची सुरुवात मी आज बदलते आहे. ‘च्यूत न्याक धीन’ची दुरुस्त केलेली प्रत २०२१ मध्ये पुन्हा थिएटरांत लागली होती; कुठे मिळाली तर पांग लाओत निर्णय घेतो तिथपासून शेवटपर्यंत सलग बघा. मग याच जागी पुन्हा भांडू.