‘नाव, @, जन्मसाल’ हा पासवर्ड किती टिकतो?

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक सल्ला थोडक्यात असा: “नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल करा, पुढे @ आणि जन्मसाल टाका. मराठी शब्द घेतलात तर आणखी उत्तम, परदेशी हॅकरला तो कळणारच नाही. तीनदा चुकलं की खातं लॉक होतं, त्यामुळे अंदाजाने कुणी आत शिरू शकत नाही. पासवर्ड दर ३० दिवसांनी बदला. कुठेही लिहून ठेवू नका. आणि एक पक्का पासवर्ड जमला की तोच सगळीकडे ठेवा.” हा सल्ला लोक मनापासून पाळतात, म्हणून त्यातलं एकेक विधान तपासायला हवं.

“तीनदा चुकलं की लॉक होतं”

इथून सुरुवात करू, कारण बाकीचे गैरसमज यावरच उभे आहेत. लॉक असतं ते लॉगिनच्या पानावर. चोर बहुतेकदा तिथे येतच नाही. तो संकेतस्थळाचा डेटाबेस पळवतो, आणि त्यात पासवर्डाऐवजी त्याचा हॅश, म्हणजे गणिती सूत्राने पासवर्डावरून काढलेला सांकेतिक ठसा, असतो. हॅशवरून उलटं पासवर्डाकडे जाता येत नाही, पण अंदाज करून त्याचा हॅश काढता येतो आणि जुळतो का ते बघता येतं. हे सगळं चोराच्या स्वतःच्या मशीनवर चालतं. तिथे त्याला अडवणारं कुणी नसतं.

२०१२ साली लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले. २०१६ मध्ये कळलं की आकडा ११ कोटी ७० लाखांच्या घरात होता. ते हॅश सॉल्टशिवायचे होते, म्हणजे हॅश काढण्याआधी प्रत्येक पासवर्डात वेगळी अक्षरं मिसळलेली नव्हती, त्यामुळे सारखा पासवर्ड असलेल्या सगळ्यांचा हॅशही सारखाच. एक अंदाज केला की तो एकदम सगळ्यांवर तपासून होतो.

वेगाचा अंदाज घ्या. आरटीएक्स ४०९० हे गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड आणि हॅशकॅट हा हॅशवरून पासवर्ड शोधणारा मोफत प्रोग्राम एवढ्यावर एमडी५ या जुन्या, झटपट पद्धतीचे हॅश सेकंदाला सुमारे १६,४०० कोटी या गतीने तपासले जातात. कीबोर्डवरची ९५ चिन्हं घेऊन होणारे आठ अक्षरी सगळे पासवर्ड, एकही न वगळता, साधारण ११ तासांत संपतात. बीक्रिप्टसारखी मुद्दाम संथ केलेली पद्धत वापरली असेल तर हीच गती सेकंदाला हजार-दीड हजारावर येते. तुमच्या बँकेने, दुकानाने किंवा शाळेच्या ॲपने कोणती पद्धत वापरली आहे हे तुम्हाला बाहेरून दिसत नाही.

आणि लॉगिनच्या पानावरसुद्धा लॉकला वळसा घालता येतो. एका खात्यावर हजार पासवर्ड न लावता एकच सोपा पासवर्ड हजार खात्यांवर लावायचा. कुठलंच खातं लॉक होत नाही. चार आकडी पिनचंही बघा. डेटा विश्लेषक निक बेरी यांनी २०१२ मध्ये फुटलेल्या याद्यांतले सुमारे ३४ लाख चार आकडी पासवर्ड तपासले. १२३४, ११११ आणि ०००० या तिघांतच साडेअठरा टक्के लोक सापडले. म्हणजे तीन संधी दिल्या तरी पाचातलं जवळजवळ एक कुलूप उघडतं.

“नाव, @, जन्मसाल”

हा पासवर्ड दिसायला भारदस्त आहे: मोठं अक्षर आहे, चिन्ह आहे, आकडे आहेत, लांबीही दहा-अकरा. फॉर्मवरची पासवर्डाची ताकद दाखवणारी पट्टी लगेच हिरवी होते. पण ती पट्टी बहुतेक वेळा अक्षरांचे प्रकार मोजते. हाच साचा आणखी किती जणांनी वापरलाय हे तिला माहीत नसतं. अंदाज करणारा अक्षरं एकेक करून लावत बसत नाही, तो साचा लावतो.

हिशोब मांडू. २०,००० नावांची यादी घ्या. प्रत्येक नाव तीन तऱ्हांनी: सगळं लहान, पहिलं अक्षर मोठं, सगळं मोठं. मध्ये @, #, टिंब, अंडरस्कोर किंवा काहीच नाही, हे पाच पर्याय. शेवटी १९५० ते २००९ ही साठ सालं. गुणाकार होतो १ कोटी ८० लाख. एमडी५ असेल तर हे पापणी लवेपर्यंत संपतं. सेकंदाला १,४०० च्या गतीने बीक्रिप्टवरही साडेतीन तास पुरतात. तुमचं नाव माहीत असेल तर उरतात फक्त ९०० पर्याय, म्हणजे एक सेकंदसुद्धा नाही.

ए-च्या जागी @, ओ-च्या जागी शून्य, एस-च्या जागी डॉलर हे बदल हॅशकॅटमध्ये एकेका ओळीच्या नियमाने होतात. त्याने पर्याय आठपट झाले असं धरलं तरी साडेतीन तासांचे साधारण सव्वा दिवस होतात.

हा साचा आपल्या डोक्यात इतका घट्ट बसण्यामागे आधारच्या पीडीएफचाही हात असावा. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. हा नियम जाहीर आहे. नाव माहीत असलेल्याला शंभर प्रयत्न पुरतात. तो पाकिटाला लावलेला डिंक आहे, तिजोरीचं कुलूप नव्हे. ती फाइल झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर उघडलीत तर निघताना डाउनलोड फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधूनही पुसा.

“मराठी शब्द हॅकरला कळत नाही”

त्याला कळायची गरजच नाही. अंदाजाच्या याद्या शब्दकोशावरून बनत नाहीत, आधी फुटलेल्या पासवर्डांवरून बनतात, आणि ते पासवर्ड आपल्यासारख्याच लोकांनी ठेवलेले असतात. २००९ साली रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड हॅश न करता, उघड्या मजकुरात बाहेर पडले. तीच यादी आजही सगळ्यात आधी लावली जाते. रोमन लिपीतले कृष्णा, गणेश, साईराम तिच्यात आहेत. स्पेलिंग बदलून आईचं ‘एएआय’ की ‘एएई’ केल्याने दोन-चार पर्याय वाढतात, एवढंच.

थेट देवनागरीत पासवर्ड ठेवण्यात वेगळीच अडचण आहे. ‘तऱ्हा’ शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एका कीबोर्डवर नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असा. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकासाठी दोन वेगळे पासवर्ड. नवा फोन घेतला की आपण आपल्याच खात्याबाहेर.

“दर ३० दिवसांनी बदला”

माणूस १ चा २ करतो, मार्चचा एप्रिल करतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये जुन्या खात्यांचे पासवर्ड तपासले, तेव्हा आधीचा पासवर्ड हाताशी असताना ४१ टक्के नवे पासवर्ड तीन सेकंदांत सापडले. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्ये मुदतीने बदलण्याचा आणि ‘एक मोठं, एक चिन्ह, एक आकडा’ हा आग्रह सोडून दिला. पासवर्ड फुटल्याची खूण दिसली की लगेच आणि पूर्णपणे बदला, नाहीतर राहू द्या.

“तोच सगळीकडे ठेवा”

या सल्ल्यातलं सगळ्यात घातक वाक्य हेच. एका छोट्या दुकानाच्या संकेतस्थळावरून ई-मेल आणि पासवर्डाची जोडी फुटली की ती मशीनने शेकडो ठिकाणी लावून बघितली जाते. ड्रॉपबॉक्सच्या एका कर्मचाऱ्याने दुसरीकडचाच पासवर्ड कामाच्या खात्यावर ठेवला होता. २०१२ मध्ये चोर त्यातूनच आत शिरले.

प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड लक्षात ठेवणं माणसाच्या आवाक्यातलं नाही, म्हणून पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद साठवणारं ॲप, वापरा. त्याचा एकच मुख्य पासवर्ड पाठ करायचा, आणि तो फाशांनी ठरवायचा. ७,७७६ शब्दांची तयार यादी मिळते. पाच फासे टाकले की एक शब्द, असे सहा शब्द. रोमनमध्ये लिहिलेली स्वतःची मराठी यादी करायची असेल तर १,२९६ शब्द, प्रत्येकी चार फासे, आणि सहाऐवजी सात शब्द: ‘कंदील सुतार दोरा उसळ पाणथळ खुंटी मांजर’ असं काहीतरी येईल. यादी चोराच्या हाती लागली तरी बिघडत नाही, जोर फाशांचा आहे. पण आवडला नाही म्हणून शब्द बदलू नका, आणि अभंगाची किंवा गाण्याची ओळ घेऊ नका. त्या ओळी याद्यांत असतात.

“कुठेही लिहू नका”

हजारो मैलांवरचा चोर तुमच्या कपाटातली वही वाचू शकत नाही. मोबाइलमधल्या नोट्स, स्वतःलाच पाठवलेला मेसेज, कॉन्टॅक्टमध्ये ‘बँकवाले काका’ या नावाने ठेवलेला पिन हे मात्र फोनसोबत जातं. कागदावर दोनच पासवर्ड लिहा: मॅनेजरचा मुख्य आणि ई-मेलचा, कारण बाकी बहुतेक खात्यांचे रीसेट ई-मेलवरच येतात. ई-मेलला दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डानंतर आणखी एक कोड मागणारी) लावा आणि तिचे बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना चालणारे कोड, त्याच कागदावर उतरवा. पाकीट बंद करून घरातल्या एका माणसाला जागा दाखवून ठेवा. बंद करण्याआधी कागदावर बघून दोन्ही पासवर्ड एकदा टाइप करा. इंग्रजी एल आणि आकडा एक हातच्या अक्षरात सारखेच दिसतात.