हवे होते सत्तर

एक जुनाट प्रोग्रॅम पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ठरावीक आवृत्तीशिवाय हलत नाही, म्हणून मी २०१७ साली आलेलं पर्ल ५.२६ सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, बांधायला घेतलं. कंपाइल, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर, बिनबोभाट झालं. बांधलेलं पर्ल तपासणारं 'मेक टेस्ट' सोडलं आणि पडद्यावर होयबांची रांग लागली. ओके, ओके, ओके. मी खुर्चीत रेललो, आणि तेवढ्यात एक फाइल फेल.

हजारो टेस्ट पास होताहेत, एकीचं काय घेऊन बसलास, असं म्हणून शहाणा माणूस इन्स्टॉल करून मोकळा होतो. मी शहाणा असतो तर या धंद्यात कशाला असतो?

आधी संशय स्वतःवर. मेक क्लीन करून जुनी बांधणी पुसली, पुन्हा बांधणी, पुन्हा फेल. मग कंपाइलर बदलला. बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता, तरी चौकशी नको का व्हायला? टेस्टच्या नावात टाइम-लोकल (पर्लमधला तारीख-वेळेचा हिशेब करणारा मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचा संच) दिसल्यावर टाइमझोनच्या मागे लागलो. यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लावून पाहिली, भलत्याच खंडांतले झोन लावून पाहिले. फेल ते फेलच.

एवढं सगळं झाल्यावर मी एरर नीट वाचली. (आमच्यात हा क्रम असाच असतो.) १९७० सालच्या तारखेपुढे लिहिलं होतं: मिळाले १७०, हवे होते ७०.

बरोब्बर शंभराचा फरक! टाइम-लोकल हा मॉड्यूल दोन आकडी सालाचं शतक स्वतःच ठरवतो, आजपासून मागेपुढे पन्नास वर्षांच्या आत. टेस्ट त्याच्या हातात नुसते ७० ठेवते. २०१९ पर्यंत त्याचा अर्थ १९७० निघत होता. २०२० उजाडलं आणि ७० म्हणजे २०७० झालं. पर्ल सालं १९००पासून मोजतं, म्हणून १७०. कोडमध्ये कुणी एक अक्षर हलवलं नव्हतं, फक्त भिंतीवरचं कॅलेंडर बदललं होतं. आणि मी कंपाइलरची गचांडी धरून बसलो होतो.

शेवटी मशीनचं घड्याळ २०१९वर नेलं आणि पुन्हा 'मेक टेस्ट' मारलं. सगळ्या टेस्ट पास! फक्त बांधणी करणारा प्रोग्रॅम, मेक, कुरकुरला: तुमच्या फाइली भविष्यकाळातल्या आहेत, घड्याळात गडबड दिसते, बांधणी अर्धवट राहिलेली असू शकते.